नाक्यावरचा फ्लेक्स

कनेरगाव नाक्यावर शालूबाईच्या हॉटेलात आज चहापेक्षा वादच जास्त उकळत होता. गावच्या बास्केटबॉल टीमची हुकमी खेळाडू, अकरावीतली प्रतिक्षा, ऐन राज्य स्पर्धेच्या तोंडावर लग्न होऊन सासरी गेली होती.

"खेळाच्या सरानं अडवायचं न्हाई व्हय तिला?" व्यंकटराव तावातावानं म्हणाले.

"सर काय करतीन? पोरीलाच खेळाची कदर न्हाई. न्हाईतर अशी टीम सोडून जाती काहून?" वैजनाथनं बशीतला चहा भुरकला.

शालूबाई कप विसळत होती. जिल्हा जिंकल्यावर याच मंडळींनी हौसेनं प्रतिक्षाचा भलामोठा फ्लेक्स नाक्यावर लावला होता. वाशिमकडं निघालेल्या एका पाहुण्यानं तो गाडीतून पाहिला, "पोरगी उंचीपुरी हाय," म्हणत इथंच चहा घेतला आणि तिचं घर विचारलं. घर दाखवायला खुद्द व्यंकटराव गेले होते, मोठ्या अभिमानानं.

"जाऊ द्या वैनी," व्यंकटराव आता उठत म्हणाले, "इथून पुढं सारी भिस्त तुमच्या कोमलवर. जरा बाहीर तर या!"

पदराला हात पुसत शालूबाई बाहेर आली. प्रतिक्षाचा फ्लेक्स उतरवून त्याच खांबांवर नवा चढवला होता. त्यावर तिची दहावीतली लेक कोमल बॉल काखेत धरून हसत होती.

 

फ्लेक्सखाली एक पांढरी गाडी थांबली, काच खाली झाली, आणि व्यंकटराव छाती फुगवून तिकडं निघाले.