पत्ताबदलाचा अर्ज

आईची गर्भाची पिशवी मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी काढली. ऑपरेशन सुरळीत पार पडलं. तर हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. कारण सोमवारी दुपारी आई दवाखान्याच्या खाटेवर मांडी घालून बसली होती, संमतीपत्रावर सही करत नव्हती, आणि तिला सही करायला लावेल असा माणूस अजून जन्मायचा होता.

पाळी जाऊन नऊ वर्षं झाल्यावर धुण्यात एक डाग दिसला. तो ताईने पाहिला आणि आईला हाताला धरून तपासायला नेलं. पिशवीचं अस्तर बिघडायच्या वाटेवर होतं. कर्करोग नव्हता, पिशवी आता काढली तर होणारही नव्हता. तरी पहिल्या तारखेला आई आली नाही, कारण नळवाला येणार होता. दुसऱ्या तारखेला आली नाही, कारण नळवाला आलाच नव्हता. ही तारीख हुकली तर पुढची तीन महिन्यांनी, आणि अस्तर तोवर दम धरेल असं डॉक्टर काही लिहून देत नव्हते.

"आजी, चार वाजता उद्याची यादी वर जाते बरं," सिस्टर दुसऱ्यांदा बजावून गेली.

"मला अजून कोणी आजी केलेलं नाही," आई म्हणाली, आणि तिने आपल्या दोन्ही मुलांकडे आळीपाळीने पाहिलं.

साडेतीन वाजले होते. ताईचं रडून झालं होतं, धाकट्याचं रागावून झालं होतं. आता त्याच्याजवळ फक्त वात्रटपणा शिल्लक होता, आणि तो त्याच्याजवळ कायमच शिल्लक असे. तो ताईला म्हणाला की आपलं पहिलं घर पाडतायत आणि आपल्याला कोणी साधं विचारलंही नाही. त्यावरून दोघांचा जुना वाद निघाला. ताई आठव्याच महिन्यात घाईने बाहेर पडलेली. धाकटा मुदत संपून दहा दिवस झाले तरी हलेना, तेव्हा डॉक्टरांनी चिमटा लावून जागा खाली करून घेतली होती.

आईला हसू आलं. ती तेव्हा टपाल कचेरीत शिक्क्यांच्या टेबलावर होती. शिक्का आपटला की आतून ताईची लाथ बसायची. दुपारपर्यंत टेबलावर जास्त शिक्के पडले की पोटावर ते कळायचं नाही. धाकटा मात्र त्या सगळ्या दणदणाटात झोपून होता.

"अजून झोपलेलाच आहे," ताई म्हणाली.

धाकट्याने केसपेपरसोबत आलेला एक कोरा कागद ओढला आणि मोठ्याने वाचत लिहू लागला. प्रति, माननीय वैद्यकीय अधीक्षक. विषय, पाडकामापूर्वी जुन्या जागेचे अंतिम दर्शन मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हे सदर जागेचे माजी रहिवासी असून, एकूण रहिवासी दोन...

"आण इकडे," आई म्हणाली. पुढची पंचवीस वर्षं ती पत्ता न सापडलेल्या पत्रांच्या विभागात होती. कच्चा अर्ज पाहिला की तिचा हात आपोआप पेनाकडे जाई. तिने चष्मा लावला आणि एका आकड्याभोवती गोल केला.

"हे चुकलंय."

"मग किती लिहू?"

"तीन."

कागद कोणीच मागे घेतला नाही. मग आईनेच सांगितलं, कचेरीतली गोष्ट सांगावी तसं. तुम्हा दोघांच्या मधलं एक होतं. पाच महिने होतं. तिला ते दाखवलं नाही, मुलगा की मुलगी तेही सांगितलं नाही, कुठल्या कागदावर आलं नाही. आठव्या दिवशी ती कामावर गेली. "तू लाथ मारायचीस," ती ताईला म्हणाली, "ते नाही मारायचं. शिक्का पडला की गप्प व्हायचं. ऐकत असावं."

ताईला एकदम आठवलं, ती अडीच वर्षांची असताना बाबांनी आठवडाभर तिच्या वाकड्या वेण्या घातल्या होत्या. आई कुठल्याशा प्रशिक्षणाला गेली आहे असं तिला सांगितलं होतं. ती आजवर तसंच समजून होती.

"तुमचे पत्ते बदलत गेले," आई म्हणाली. "त्याचा तेवढा एकच होता. तो मोडायला माझीच सही."

पावणेचार झाले. धाकट्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला, दुसरा घेतला आणि विचारलं, "आई, टपाल खात्यात पत्ता मोडला की काय करायचे?"

आई ताठ बसली आणि कचेरीच्या आवाजात सांगू लागली. तो शब्दाला शब्द लिहीत गेला. मध्ये एकदा तिने स्वल्पविराम घालायला लावला.

सिस्टर चारला दोन मिनिटं कमी असताना आली. आईने आधी संमतीपत्रावर सही केली, नोकरीतली, खाली दोन टिंबांची. मग अर्जावर केली, आणि आवक क्रमांक मागितला. सिस्टरने दोन्ही कागद वाचले. अर्जासाठी फाईलमध्ये रकाना नव्हता, म्हणून तिने तो संमतीपत्राच्या मागे टाचला. त्याचा शेवट असा होता:

"...सबब, सदर जागा दिनांक उद्यापासून अस्तित्वात राहणार नसल्याने, तेथील मधल्या रहिवाशाच्या नावे (नाव ठेवलेले नाही) आलेले अथवा यापुढे येणारे सर्व टपाल 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून परत न पाठवता, खाली दिलेल्या आमच्या घरच्या पत्त्यावर वळते करण्यात यावे, ही नम्र विनंती."