लाल मूठ

"ही लाल मूठ ओढली की काय होतं?" विमानतळावरच्या तपासणी अधिकाऱ्यानं विचारलं आणि विचारता विचारता मूठ धरलीसुद्धा.

मंदाकिनी केळुसकरांनी चटकन हात पुढे केला. पॅराशूटची बॅग त्यांनी मुद्दाम सामानात न टाकता पाठीवरून आणली होती. मूठ ओढली गेली असती तर सगळं कापड इथंच बाहेर आलं असतं आणि उद्याची उडी हुकली असती.

"ओढू नका," त्या शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या. "राखीव पॅराशूट उघडेल. ते पुन्हा घडी घालून देणारा परवानाधारक माणूस आज मिळायचा नाही."

अधिकाऱ्यानं मूठ अलगद सोडली. मग कागदपत्रं पाहिली, त्यावरचं वय पुन्हा एकदा वाचलं.

"एकसष्टाव्या वर्षी उड्या मारता, मावशी? भीती नाही वाटत?"

"तीनशे बारा उड्या झाल्या, कधी वाटली नाही. पण उद्या माझी लेक पहिल्यांदा उडी मारतेय. आठवडाभर अन्न गोड लागलेलं नाही."

"मग तुम्ही खालीच थांबा की."

"तेच तर जमायचं नाही," बॅग पाठीवर चढवत त्या म्हणाल्या. "खाली उभं राहून बघण्यापेक्षा तिच्यासोबत उडी मारणं सोपं."