गडूभर पाणी

नळीतलं पाणी निळं झालं, तेव्हा सुष्मिताला आधी हायसं वाटलं. इतके दिवस ती ज्याला शोधत होती, त्या चोराचं नाव एकदाचं कळलं होतं. तांबं. समुद्राच्या पाण्यातल्या प्रवाळाला त्याचा एवढासा अंशही सोसत नाही.

हॉलमधल्या काचेच्या टाकीत मासे मजेत फिरत होते, त्यामुळं घरात कुणाला काही बिघडलंय असं वाटतच नव्हतं. मासे जिवंत हायत की, मग तुझं काय अडलंय, असं नवरा महांतेश म्हणून मोकळा झाला होता. पण खडकावरची प्रवाळं एकेक करून आक्रसत, पांढरी पडत चालली होती. सुष्मितानं पाण्यातलं मीठ मोजलं, अमोनिया मोजला, मोजण्यासारखं होतं ते सगळं मोजलं. सगळं जिथल्या तिथं. शेवटी पुण्याच्या दुकानदारानं फोनवर तांबं तपासायला सांगितलं आणि लाल टोपणाची एक बाटली कुरिअरनं पाठवून दिली.

पण तांबं आलं कुठून? पंप प्लास्टिकचा. वायर वरच्या वर, कोरडी. पाणी तर ती स्वतः फिल्टरचं घालायची, आणि तेही हल्ली घालावं लागत नव्हतं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, तेवढं भरून काढावं लागतं; पण अलीकडं पातळी खाली जातच नव्हती. श्रावणातली दमट हवा, असं म्हणून ती खूशच होती.

नळी हातात धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तेवढ्यात सासूबाई लिंगपूजा आटोपून बाहेर आल्या. चन्नम्मांच्या कपाळावर ओली विभूती होती, हातात तांब्याचा गडू. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं नाही. सरळ टाकीपाशी गेल्या, झाकण उचललं आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत गडू हळूहळू आत रिकामा केला.

सुष्मिताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ही टाकी आली तेव्हा चन्नम्मा तोंड पाडून बसल्या होत्या. सासरे गुरुसिद्धअप्पांची कॉट होती ती जागा, आता माणूस गेलं म्हणून तिथं खारं पाणी आणून ठेवायचं का, असं त्यांचं म्हणणं. मग हळूहळू निवळल्या. रोज संध्याकाळी सुष्मिता नळीत थेंब टाकायला बसली, की शेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि विचारायच्या, पिवळं आलं न्हवं? मग बरं हाय. ते सगळं नाटक होतं तर, असं सुष्मिताला वाटलं.

"अव्वा, तुम्ही विष घालत होता ह्यात," ती म्हणाली.

चन्नम्मा दचकल्या. "देवाम्होरचं पाणी हाय त्ये. रातभर तांब्यात ठेवलेलं. तू त्ये मशिनीतलं मेलेलं पाणी घालतीस, म्हणून म्या..."

सुष्मितानं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. नळी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, टेबलावरची लाल टोपणाची बाटली दाखवली. हिचे थेंब टाकले आणि पाणी निळं झालं, की त्यात तांबं. ते तुमच्या गडूतलं. त्यानंच सगळी मेली. इतक्या दिवसांचा राग भळाभळा बाहेर पडत होता, आणि खरं सांगायचं तर बोलताना तिला बरं वाटत होतं.

चन्नम्मा स्टुलावर बसल्या. टाकीकडं नाही, टाकीखालच्या फरशीकडं बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि गडू पुन्हा भरून घेऊन आल्या.

"ह्येबी बघ तुझ्या नळीत," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी दुसरं काय पोटात ठरत न्हवतं. शेवटपतोर हितंच, कॉटवर, ह्येच पाणी पाजलं म्या. चमच्या-चमच्यानं."

सुष्मिता घाईघाईनं सांगू लागली, की माणसाला ह्यानं काही होत नाही, लोक मुद्दाम तांब्यातलं पितात, अप्पांचं लिव्हरच गेलं होतं, डॉक्टर आधीपासून सांगत होते. सगळं खरं होतं. पण विष हा शब्द ती ह्याच तोंडानं बोलून बसली होती, आणि चन्नम्मा गडू पुढं धरून उभ्याच होत्या.

तिनं नळी धुतली. गडूतलं पाणी भरलं. हे निळं होणार, टाकीतल्यापेक्षा गडद होणार, हे तिला ठाऊक होतं. थेंब एक जास्त पडला तर सगळं ओतून पुन्हा मोजणारी बाई ती. तिचा हात लाल टोपणापर्यंत गेला, थांबला, आणि शेजारच्या पांढऱ्या टोपणाकडं वळला. ती अमोनियाची बाटली. थेंब पडले, नळी हलवली. पाणी फिकट पिवळं झालं, रोज संध्याकाळी व्हायचं तसं.

"बघा अव्वा. पिवळं. काही नाही त्यात."

चन्नम्मांनी नळी खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिली. मग ती टेबलावर ठेवली, दुसरी कोरडी नळी उचलली, तिच्यात गडूतलं पाणी ओतलं आणि सुनेपुढं केली.

"आता ती लाल टोपणाची घाल की."