कोपर

अंध विद्यार्थ्याचा हात आपण धरायचा नाही. आपलं कोपर त्याला धरू द्यायचं. विद्यापीठात अंध मुलांना रस्ते शिकवणाऱ्या ताईंचा हा पहिला धडा.

भर दुपारी ताई बाटलीत पाणी भरून वळल्या, तर नवी मुलगी एकटीच कॉरिडॉरमधून निघाली होती. बोटं हवेतच काहीतरी धरल्यासारखी. पुढचा जिना कालच तोडला होता.

"अगं, थांब!"

मुलगी थबकली. "ताई, तुम्ही मागे? मला वाटलं, आज मिठाची गुळणी धरून चालताय. मग हे कोपर कुणाचं?"

"सोड ते! आधी सोड!"

बोटं उलगडली. हात मात्र खाली आला नाही.

"सोडलं हो, ताई. पण आता त्यानं माझाच हात धरलाय."