अजगराची नखं
१९६८ साली कोल्हापुरातल्या एका सभागृहात उत्क्रांतीवर जाहीर वाद ठेवला होता. प्राध्यापक डॉ. त्र्यंबकराव ठासून सांगत होते, की देवानं प्रत्येक प्राणी आज दिसतो तसाच घडवला. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मलकापूरकडची शेतकरीण चिमणाबाई उठली. "बाई, तुमचं शिक्षण किती?" त्र्यंबकरावांनी आधी विचारलं. "शाळा बघितल्याली न्हाय, पण अजगर बघितलाय की!" सभागृह हसलं. ती तशीच पुढं गेली आणि पिशवीतलं वाळकं कातडं तिनं टेबलावर पसरलं. तिच्या भाताच्या शेतात मेलेल्या अजगराचं ते कातडं होतं. शेपटीजवळ दोन्ही बाजूंना एकेक बारीक नख होतं. "ह्येला पाय न्हाईत, मग द्येवानं नखं कशाला दिली?" हसू थांबलं. अध्यक्ष तिला खाली बसवायला उठले, पण त्र्यंबकरावांनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांनी चष्मा सावरून एक नख हलवून पाहिलं. ते चिकटवलेलं नव्हतं. "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. "मला ठावं असतं तर यष्टीनं एवढ्या लांब कशाला येईन? गावात कुणालाच म्हाईत न्हाय. तुमी शिकल्यालं, म्हणून इचाराय आलीया." त्र्यंबकराव कातडं घेऊन वळले. मग माइकपाशी येऊन म्हणाले, "माझी डॉक्टरेट संस्कृतातली आहे. सभेत प्राणिशास्त्र शिकलेलं कुणी असेल, तर कृपा करून वर या. आम्हा दोघांना विचारायचंय."