राजाबाईचा डावा गाल

मष्णूनं तसबिरीतल्या आपल्या बायकोच्या, राजाबाईच्या, डाव्या गालावर हात ठेवला. गाल गुळगुळीत होता.

चौदा वर्षं तो तिच्यासमोर बसून त्या गालाला खोबरेल लावत आला होता. भाजलेली कातडी ओढली जायची, म्हणून. हात आपोआप तिकडंच गेला. डाग चित्रातही होता. पण उजव्या गालावर.

राजाबाईच्या वर्षश्राद्धाला जमलेली उचगावची माणसं तसबिरीपुढून हलत नव्हती. यल्लाप्पा पेंटरनं दोन महिने खपून ती काढली होती. भुवईचा एकेक केस, कानातल्या फुलांची चमक, सगळं हुबेहूब.

"बोलायची तेवढी राहिलीया बघा," शेजारची जयाबाई म्हणाली.

यल्लाप्पा कडेला उभा राहून ऐकत होता. तो मष्णूचा शाळेपासूनचा मित्र. दर रविवारी मच्छे गावाहून यायचा आणि राजाबाईच्या हातची भाकरी खाऊन जायचा. ती गेल्यावर मष्णूनं त्याला एवढंच सांगितलं होतं, मला ती हाय तशी दे.

"डाग दुसऱ्या गालावर झालाय," मष्णू म्हणाला.

"फोटो आरशागत उलटा होता रं. तिनंच फोनवर काढलेला. त्यात पदर उजव्या खांद्यावर आलता. मी बघताक्षणी वळखलं आणि सरळ करून डाव्यावर घेतला. पारखी नजर लागती त्याला."

"आणि डाग?"

"फोटोत दिसला तिथं ठेवला."

"तू तिला किती वर्षं बघत होतास?"

"आता काय सांगायचं तुला! पदराला नेम असतोय. डागाला कसला नेम? कुठल्या अंगाला हाय, हे कोण ध्यानात ठेवतंय? तू काम बघ की. आख्ख्या बेळगावात असं कोण काढून दाखवू दे, ब्रश ठेवतो मी खाली."

मष्णूनं पुन्हा एकदा तसबिरीकडं पाहिलं. यल्लाप्पा खोटं बोलत नव्हता. असं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. मष्णूनं तसबिरीला घातलेला हार काढला, तसबीर खिळ्यावरून उतरवली आणि यल्लाप्पाच्या हातात दिली.

"एवढ्याशासाठी परत देतोस व्हय?" यल्लाप्पाचा आवाज चढला. "म्हातारपणी येडा झालास का?"

"तुझ्या शेडात टर्पेंटाईन पेटलं तवा तुझा हात स्वतःच्या गळ्यात घेऊन तिनं तुला भाईर वढलं, यल्ल्या. तुझ्याच पेटत्या सदऱ्यानं तिचा गाल भाजला." मष्णू दाराकडं वळला. "तू तिच्या कुठल्या अंगाला होतास, एवढं तरी ध्यानात ठेवायचंस."