शोकेसवरचं उंचीमापक

टक्. शांत घरात चिऊनं काचेवर टिचकी मारली आणि काटा थरथरून आणखी वर सरकला. विमानातून काढलेलं ते जुनं उंचीमापक रेवतीच्या पायलट नवऱ्यानं शोकेसवर हौसेनं ठेवलेलं. "मी उंच गेलो की काटा वर, उतरलो की खाली," लेकीला तो सांगायचा. रेवतीला मात्र खरं ठाऊक होतं: हवेचा दाब घसरला की काटा चढतो, म्हणजे आंधी, धुळीचं वादळ येतंय. दिल्लीतल्या त्यांच्या मयूर विहारवरचं आभाळ भरदुपारी पिवळं पडत चाललेलं, आणि त्याची उतरायची वेळ तर नेमकी हीच. त्याच्या नव्या खासगी कंपनीचा फोन सारखा एंगेज लागत होता. गॅलरीतल्या दोरीवर त्याचा पांढरा शर्ट फडफडू लागला. "चिऊ, हात नको लावूस," ती कशीबशी म्हणाली. "आई, बाबा तर आत्ता खाली येणार होते ना? मग अजून वरच का चाललेत?"